हूल

लहानपणी मला एकाच ठिकाणी खोटे बोलण्याची परवानगी होती. ते ठिकाण म्हणजे मुखेडच्या आमच्या जुन्या घराचे माजघर, आणि परवानगी देणारी होती माझी आजी. एरवी असत्याची तिला इतकी चीड असे की, गल्लीतल्या बायका उसनवारीचा तंटा तिच्याकडे आणीत आणि तिने जो आकडा सांगितला तो दोन्ही बाजू मुकाट्याने मान्य करीत. परंतु उन्हाळ्याच्या सुटीत, भर दुपारी, आम्ही पाच चुलत भावंडे पत्त्यांचा जोड घेऊन सतरंजीवर बसलो म्हणजे हीच आजी खांबाला टेकून बसे आणि म्हणे, "हं, बोला लेकरांनो, आता काय खोटं बोलायचं ते."

त्या खेळाचे नाव हूल. कोणत्याही पुस्तकात तो सापडायचा नाही, कारण तो आमच्या घरातच जन्मला आणि बहुधा आमच्याबरोबरच संपेल. पण त्याचे नियम मला आजही तोंडपाठ आहेत. पुढे इंग्रजीचा प्राध्यापक म्हणून मी पुष्कळ पुस्तके वाचली, शिकविली आणि थोडीफार विसरलोही. हे नियम मात्र विसरलो नाही. उलट वय वाढत गेले तसतसा त्यांतला एकेक नियम मला नव्याने कळू लागला. म्हणूनच आज ते वाचकांपुढे मांडावे असे वाटते.

प्रथम नावाविषयी. हूल हा शब्द मला फार आवडतो. कबड्डीतला गडी डावीकडे झेप घेतल्यासारखे करतो आणि उजवीकडच्या गड्याला शिवून येतो. बैल शिंगे रोखून एक पाऊल पुढे टाकतो आणि तेथेच थांबतो. गनिमी काव्याने लढणारी फौज एका घाटाकडे धूळ उडविते आणि दुसऱ्याच घाटाने खाली उतरते. या सगळ्याला आपण हूल म्हणतो. लबाडी, फसवणूक, थाप या शब्दांना जो काळिमा चिकटलेला आहे तो या शब्दाला नाही. हूल देणाऱ्याला आपण दोष देत नाही. हूल खाणाऱ्याला फार तर हसतो. याचे कारण उघड आहे. मैदानात उतरलेल्या दोघांनाही आधीपासून ठाऊक असते की येथे हूल चालते.

आता या खेळाचे कूळ. आमच्या भागात तीन पत्त्यांच्या जुगाराला तिर्रट म्हणतात. वर्तमानपत्रात पोलिसांच्या छाप्याची बातमी येते तीही याच नावाने. त्याची घडण अगदी सोपी आहे. प्रत्येकाला तीन पत्ते मिळतात. पत्ता बदलायचा नाही, नवा उचलायचा नाही, एकही उतारी करायची नाही. पत्त्यांचे काम तेथेच संपते आणि पैशाचे सुरू होते. जो पैसे लावीत राहील तो डावात, जो पत्ते टाकील तो बाहेर. आपले पत्ते न पाहता जो खेळतो तो आंधळा. पाहून खेळतो तो डोळस. आणि डोळसाने आंधळ्याच्या निदान दुप्पट लावायचे. इंग्रजांच्या ब्रॅग या खेळाशी याचे नाते जुळते. त्या ब्रॅगवर एडमंड हॉयल याने १७५१ साली एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली होती, यावरून तो तिकडे किती मुरलेला होता याची कल्पना येईल.

आमच्या घरात मात्र तिर्रट हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. त्यालाही कारण होते. माझे एक चुलत आजोबा होते. मुखेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि व्यवहार हाली शिक्क्यात चालत. श्रावण सरता सरता, पोळ्याच्या आगेमागे, गावोगाव पत्त्यांचे अड्डे बसत. अशाच एका रात्री आजोबांच्या हातात उत्तम पत्ते आले. पत्ते वाईट असते तर ते टाकून घरी आले असते; उत्तम होते हेच दुर्दैव. समोरचा गडी आंधळा खेळत होता. आजोबा दुप्पट लावीत गेले, जवळचे रुपये संपले, तेव्हा मागे उभ्या असलेल्या एकाकडून उसने घेतले. तो डाव ते हरले. मग हरलेले परत मिळविण्यासाठी आणखी उसने घेतले. पुढे तीन वर्षे व्याज फिरत राहिले आणि अखेर नदीकडचा चार एकरांचा तुकडा गेला. आजी त्या घरात नुकतीच लग्न होऊन आलेली होती. ही हकीकत ती क्वचितच सांगे, पण सांगितली की शेवटी एवढेच म्हणे, "पत्त्यानं नाही नेलं रान. उसन्यानं नेलं."

म्हणूनच आम्ही मुलांनी कोठून तरी पत्त्यांचा जोड आणला, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटले की आजी तो चुलीत घालील. तिने तो हातात घेतला, बावन्न पत्ते मोजून पाहिले आणि परत दिला. म्हणाली, "खेळा. पण माझ्यासमोर." चोरून खेळले म्हणजे नियम राहत नाहीत, हे तिला पोळ्याच्या त्या रात्रीने शिकविले असावे.

पहिली अडचण आली नाण्याची. पैशाला अर्थातच मज्जाव होता. म्हणून आम्ही चिंचोके घेतले. परसात चिंचेचे झाड होते. पहिल्या दोन दिवसांत खेळाचा पार विचका झाला. ज्याचे चिंचोके संपत तो उठून परसात जाई आणि खिसा भरून येई. मग कोणी कितीही मोठी बाजी लावली तरी समोरचा बेधडक तेवढी भरी आणि "उघड" म्हणे. हूल कोणाला द्यायची? ज्याचे काही जाणारच नाही त्याला भिवविता येत नाही. अर्थशास्त्राचे प्राध्यापक ज्याला चलनवाढ म्हणतात तिचा पहिला धडा मला माजघरातच मिळाला.

तिसऱ्या दिवशी आजीने एक पितळी डबा आणला. त्यात शंभर चिंचोके होते, प्रत्येकाची एक बाजू दगडावर घासून पांढरी केलेली. परसातला चिंचोका आता चालेना. पाच जणांना वीस-वीस वाटून दिले आणि तिने पहिला कायदा केला: ज्याचे वीस संपतील त्याने खेळातून उठायचे आणि उद्या सकाळी दोन घागरी पाणी आडातून शेंदायचे. मुखेडचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला या शिक्षेचे वजन कळेल. आडाचे पाणी तेव्हा पार तळाला गेलेले असे. दोराने हाताला घट्टे पडत. पण शिक्षा एवढीच. दोन घागरींची तिसरी घागर कधी झाली नाही, कारण दुसरा कायदा होता: उसने नाही. भावाने बहिणीला एक चिंचोका उसना दिला तरी दोघांचाही डाव बाद.

या दोन कायद्यांनी खेळात एकदम जीव आला. आता एक चिंचोका पुढे सरकविताना हात किंचित थबकू लागला, आणि हात थबकू लागला तशी हूल शक्य झाली. पणाची किंमत अगदीच नगण्य असली तर हूल मरते, आणि बेसुमार असली तर माणूस मरतो. या दोहोंच्या मधली एक जागा असते. आमच्या घरी ती दोन घागरी पाण्याएवढी होती.

आता खेळाचा मुख्य नियम, जो आम्ही मुलांनीच शोधून काढला आणि ज्याचा मला अजूनही अभिमान वाटतो. तिर्रटात माणूस एक तर आंधळा असतो नाहीतर डोळस. आम्हाला हे फार ठोकळेबाज वाटले. आम्ही ठरविले की तीन पत्त्यांपैकी किती पाहायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण जितके पाहाल तितके भराल. एकही पत्ता न पाहणाऱ्याने पाळी आली की एक चिंचोका भरायचा. एक पाहणाऱ्याने दोन, दोन पाहणाऱ्याने तीन आणि तिन्ही पाहणाऱ्याने चार. बसण्याचे भाडे म्हणून वाटणीपूर्वी प्रत्येकाचा एक चिंचोका मध्ये. शेवटी दोघेच उरले की कोणीही आपल्या भरण्याच्या दुप्पट भरून "उघड" म्हणावे. म्हणजे आंधळ्याला उघडायला दोन पुरत, पूर्ण डोळसाला आठ मोजावे लागत. ब्रॅगमध्ये याहूनही कडक संकेत आहे: तेथे डोळसाला आंधळ्याचे पत्ते उघडवताच येत नाहीत.

हा नियम प्रथम ऐकताना उलटा वाटतो. जगात ज्ञानाला मान, अज्ञानाला दंड. येथे अज्ञानाला सवलत आणि ज्ञानावर पट्टी. पण जरा विचार केला म्हणजे त्यातला न्याय दिसतो. ज्याने पाहिले आहे त्याला निवड आहे. वाईट असेल तर तो टाकू शकतो. निवडीचे मोल त्याने द्यावे हे रास्तच आहे. आंधळ्याजवळ निवड नाही, फक्त धीर आहे; म्हणून त्याला स्वस्तात बसू द्यावे. आणखी एक गोष्ट मला त्या माजघरात समजली. एकदा पाहिलेला पत्ता न पाहिल्यासारखा करता येत नाही. ज्ञान घेताना ते परत करण्याची सोय नसते. तेव्हा पाहायचे की नाही, हाच खरा डाव. पुढचे सगळे त्यातून येते.

माझी थोरली चुलत बहीण, जिला आम्ही सारे अक्का म्हणत असू, ती हे सर्वांआधी उमगली. ती बहुतेक वेळा आंधळी खेळे. तीनही पत्ते पालथे, त्यांवर डावा हात, आणि उजव्या हाताने एकेक चिंचोका शांतपणे पुढे. आम्ही तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत असू. पण जिचे पत्ते तिलाच ठाऊक नाहीत, तिच्या चेहऱ्यावर वाचणार काय? आमचे चेहरे मात्र उघड्या पुस्तकासारखे होते. कोणाचे कान लाल होत, कोणी उगाच खाकरे, आणि मी स्वतः चांगले पत्ते आले की फार वेळ विचार केल्याचे सोंग करीत असे, असे अक्का आजही सांगते.

आमच्या महाविद्यालयात गणिताचे एक सहकारी आहेत. त्यांच्याशी एकदा या खेळाविषयी बोलणे निघाले, तेव्हा त्यांनी मला एक मौजेची गोष्ट सांगितली. जॉन फॉन नॉयमान हा विख्यात गणिती आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न हा अर्थशास्त्रज्ञ, या दोघांनी १९४४ साली खेळांच्या सिद्धांतावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पोकर या पत्त्यांच्या खेळाचे एक साधे रूप घेऊन, हूल केव्हा द्यावी याचे त्यांनी गणित मांडले आहे. उत्तर असे निघाले की मोठी बाजी उत्तम पत्त्यांवर लावावी, आणि अगदी टाकाऊ पत्त्यांवरही लावावी; मधल्या, बऱ्यापैकी पत्त्यांवर मात्र सबुरीने घ्यावे. याचे कारण त्याहून मनोरंजक आहे. हूल दिल्याने दुबळा माणूस बलवान भासतो हे एक. पण ती अधूनमधून पकडली गेली म्हणजे पुढे हातात खरेच बळ असतानाही लोकांना संशय येतो आणि ते भरीत राहतात, हे दुसरे. ज्याची हूल कधीच पकडली जात नाही तो फार कमी हूल देतो एवढाच त्याचा अर्थ. अक्काने हा ग्रंथ पाहिलाही नव्हता. पण हरलेली हूल हीही एक पेरणी असते, हे तिला पक्के माहीत होते.

एक हिशेब तर मी स्वतःच कागदावर मांडून पाहिला. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे हात पडू शकतात २२,१००. त्यांपैकी १६,४४० हातांत काहीही नसते. जोडी नाही, रंग नाही, ओळ नाही. म्हणजे चार डावांपैकी जवळजवळ तीन डावांत माणूस रिकाम्या हाताने बसलेला असतो. जोडीचे हात ३,७४४, एका रंगाचे १,०९६, ओळीचे ७२०. सर्वांत वरच्या दोन हातांपाशी मात्र मी थबकलो. एकाच रंगाची सलग ओळ ४८ प्रकारांनी पडते आणि तीन सारखे पत्ते ५२ प्रकारांनी. जे अधिक दुर्मीळ ते श्रेष्ठ असा न्याय लावला, तर रंगाची ओळ वर हवी. पण तिर्रटात आणि आमच्या खेळात तीन एक्के, तीन राजे, इतकेच नव्हे तर तीन दुऱ्यासुद्धा त्या ओळीला मारतात! मी हा शोध मोठ्या उत्साहाने अक्काला सांगितला. ती आता उदगीरला नातवंडांत रमलेली असते. तिने शांतपणे विचारले, "मग आपण बसण्याआधी काय ठरवलं होतं?" मी म्हटले, "तीन सारखे मोठे." "मग तेच मोठे," ती म्हणाली. यावर गणिताला काही उत्तर नाही. खेळातले लहानमोठेपण निसर्गाने दिलेले नसते. ते आपण बसण्यापूर्वी कबूल केलेले असते, आणि एकदा कबूल केले की हातात काहीही आले तरी ते पाळायचे असते.

येथेच मी आजीच्या तिसऱ्या आणि सर्वांत कडक कायद्याकडे येतो. तिचे शब्द असे होते: "तोंडानं काही बी बोला, पण हात खरा ठेवा." जिभेला पूर्ण मोकळीक. दुर्री-तिर्री हातात धरून "माझ्याकडे तीन राजे आहेत" म्हणा, शपथ सोडून वाटेल ते बोला. पण पिसताना, वाटताना, चिंचोका मोजून ठेवताना हाताने रेसभरही खोटेपणा करायचा नाही. पिसणाऱ्याच्या उजवीकडच्याने पत्ते कापायचे. आणि टाकलेले पत्ते म्हणजे मेलेले पत्ते. ते कोणी उलटून पाहायचे नाहीत.

या शेवटच्या कलमाची परीक्षा एका दुपारी झाली. डाव अक्का आणि आमचा सर्वांत धाकटा भाऊ यांच्यावर येऊन ठेपला होता. त्याने तिन्ही पत्ते पाहिले होते. त्याच्याकडे नव्व्यांची जोडी होती, हे मागाहून कळले. प्रत्येक पाळीला चार चिंचोके भरून तो घामाघूम झाला होता. अक्का आंधळी, एकेक चिंचोका भरीत होती आणि मधूनच त्याला म्हणत होती, "दोर आत्ताच भिजवून ठेव रे, सकाळी हात कापत नाहीत." त्याच्यापाशी अकरा उरले. उघडायला आठ हवेत. आठ देऊन हरला तर उरतील तीन, आणि तीन म्हणजे जवळजवळ आडच. त्याने बराच वेळ सतरंजीची किनार ओढली आणि पत्ते टाकले. अक्काने मधला ढीग ओढून घेतला. आणि त्याच क्षणी, राहवले नाही म्हणून, त्याने झडप घालून तिचे पालथे पत्ते उलटे केले. सत्ती, चौकी आणि दुर्री, तिन्ही निरनिराळ्या रंगांच्या. अक्कालाही ते तेव्हाच दिसले. "खोटारडी!" तो ओरडला.

आजीने त्या दिवशी खेळ बंद केला. खोटारडी ठरलेल्या अक्काला तिने शब्दानेही दुखविले नाही. पाणी शेंदले ते धाकट्याने. त्याला मोठा अन्याय वाटला. आजीने त्याला जवळ बसवून समजाविले ते मला आठवते. "तिनं तोंडानं केलं, ते डावात बसतं. तुला बघायचं होतं तर आठ भरायचे होते. न भरता बघितलंस, ती चोरी." पुढे कायद्याची आणि नीतिशास्त्राची पुस्तके चाळताना मला वारंवार वाटत आले की, या तीन वाक्यांत सांगितलेला भेद त्यांत याहून स्पष्ट मांडलेला नाही. हूल आणि लबाडी यांतली सीमारेषा खरेखोटेपणावरून जात नाही. ती दोघांनी मिळून काय कबूल केले होते त्यावरून जाते. नियमाच्या आत बोललेले असत्य दोघांचे असते. नियमाबाहेर केलेली कृती एकट्याची असते.

राज्यकर्त्यांनाही ही रेषा कोठे ओढावी हा प्रश्न फार पूर्वीपासून पडलेला आहे. मनूने द्यूताचा सरळ निषेध केला. कौटिल्य व्यवहारी, त्याने द्यूताध्यक्ष नेमावा, खेळ एकाच ठिकाणी चालवावा, फासे त्याने पुरवावेत आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यावेत, असे सांगितले. आमच्या भागाशी जवळचा संबंध असलेला एक निकाल तर अगदी अलीकडचा म्हणता येईल. सिकंदराबादच्या एका क्लबावर, हैदराबाद संस्थानाच्या फसली १३०५ च्या जुगारविषयक कायद्याखाली, खटला झाला. मुखेडही त्याच संस्थानातले. १९६८ च्या निकालसंग्रहांत छापलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रमीत पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, काय राखावे आणि काय टाकावे याचे कसब लागते, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ होय. तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ दैवाचा. अक्कासमोर बसलेल्या कोणालाही हे वाचून हसू येईल. तिचे दैव आमच्याहून चांगले होते असे म्हणायला कागदावरचा हिशेब तयार नाही. तथापि न्यायालयाचेही सर्वस्वी चुकले असे मला म्हणवत नाही. आडाच्या पाण्यावर खेळताना जे कसब उपयोगी पडते, ते उसन्या रुपयांवर खेळताना पहिल्या तासातच पळून जाते. चुलत आजोबा काही मूर्ख नव्हते.

दोन-तीन वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी वर्गात येईनासा झाला. आमच्याच तालुक्यातल्या एका खेड्यातला, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. खोलीच्या भाड्यासाठी घरून आलेले पैसे तो मोबाइलवरच्या तीन पत्तीत घालवून बसला होता, आणि ते परत मिळविण्यासाठी त्याच मोबाइलवरून झटपट मिळणारे कर्ज घेतले होते. तो मान खाली घालून माझ्यासमोर बसला. त्याला वाटले असावे की मी उपदेश करीन. मी त्याला खेळाचे नियम विचारले. त्याने ते बरोबर सांगितले. कोणता हात मोठा, आंधळ्याने किती लावायचे, डोळसाने किती. मग मी विचारले, "पत्ते पिसतो कोण?"

तो गोंधळला. "सर, ते आपोआप येतात."

"आणि कापतो कोण?"

"कापायचं नसतं, सर."

"समोर माणूसच बसलेला आहे हे कशावरून?"

या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प राहिला. त्याचे डोळे पाणावले ते मी रागावलो म्हणून नव्हे. इतके दिवस आपण कोणाच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, हा प्रश्न त्याला प्रथमच पडला होता. माझ्या मनात मात्र पोळ्याची ती रात्र उभी राहिली, जी मी पाहिलेली नाही. फरक एवढाच की तेव्हा उसने देणारा मागे उभा तरी होता; त्याचे नाव, गाव, घर माहीत होते. येथे खेळ, सावकार आणि पत्ते वाटणारा हात, सारे एकाच चकचकीत काचेच्या आत. आजीचे तिन्ही कायदे तेथे एकदम मोडलेले होते. चिंचोके अमाप, उसने अमाप, आणि हात खरा की खोटा हे पाहायला हातच नाही. अशा ठिकाणी हूल उरत नाही. हूल द्यायला दोन माणसे लागतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कौशल्याचा खेळ कोणता आणि दैवाचा कोणता, हा जुना वाद त्यात बाजूला ठेवलेला आहे. पैसे लागले की खेळ निषिद्ध. त्याची अंमलबजावणी कशी होईल ते होवो. त्या मुलाने ते कर्ज कसे फेडले हे मला माहीत आहे: उन्हाळाभर त्याने एका दुकानात हिशेब लिहिला आणि एक वर्ष उशिराने पदवी घेतली. दोन घागरींच्या मानाने ही शिक्षा फार मोठी होती. पण चार एकरांच्या मानाने लहान, असे मी त्याला सांगितले आणि चुलत आजोबांची हकीकतही सांगितली. ती ऐकून तो प्रथमच किंचित हसला आणि म्हणाला, "सर, उठायचं कधी, हेच त्यात कळत नाही."

आजीच्या खेळात तेही ठरलेले होते. हा तिचा शेवटचा नियम, आणि तो पाळणे आम्हाला सर्वांत जड जाई. शेवटचा डाव कोणता, हे पत्ते वाटण्यापूर्वी सांगायचे. वाटून झाल्यावर नाही. "आता हा शेवटचा" असे एकदा म्हटले की हरणाऱ्याने "आणखी एक" म्हणायचे नाही, आणि जिंकणाऱ्यानेही नाही. भिंतीवरचे ऊन कोनाड्याखाली उतरले की ती खांबाजवळून म्हणे, "शेवटचा." आम्ही कुरकुरत वाटून घेत असू. तो डाव झाला की ती डबा पुढे ओढी आणि चिंचोके एकेक करून मोजून आत टाकी. शंभर भरायलाच हवेत. नव्याण्णव भरले तर कोणी उठायचे नाही. मग सतरंजी झटकायची, खांबामागे पाहायचे, धाकट्याचा खिसा उलटा करायचा. चिंचोका सापडला की ती डब्याचे झाकण लावी आणि दिवा लावायला उठे.